सामायिक फ्रीज

शिरगावात आमच्या घराला चुलतदिरांचं घर लागून आहे. छप्पर एक, परसदार एक, आणि बरीच वर्षं फ्रीजही एकच होता. मी लग्न होऊन आले त्याच सुमारास दोन्ही घरांनी मिळून तो घेतला. आमच्या स्वयंपाकघरात धड जागा नव्हती, म्हणून तो चुलतजावेकडे राहिला. ती वयाने मोठी, मी तिला वैनी म्हणते. वरचे कप्पे तिचे, खालचे माझे, बर्फाचा खण ज्याला लागेल त्याचा. मच्छी ठेवायला, दही काढायला मी सारखी तिच्या घरात असायचे. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा नुसती बसायलाच जायचे. फ्रीजचं निमित्त नसतं तर आमचं इतकं जमलं असतं का, कोण जाणे.

वाडीतला मोगराही त्यातच असायचा. संध्याकाळी तोडलेल्या कळ्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवल्या की रात्रीत फुलत नाहीत आणि सकाळी पालघरच्या बाजारात बंदच पोचतात. फुललेल्या कळीला तिथे कुणी विचारत नाही.

फ्रीज म्हातारा झाला होता यात वाद नाही. दार लोंबलेलं, त्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेला. होळी झाली आणि एक दिवस वैनी म्हणाली की यात आता काही राम उरला नाही, नुसती घरघर करतो, थंड म्हणून करत नाही. तुझं सामान घेऊन जा, उगाच नासेल. मी माझी भांडी उचलली. दोघी मिळून नवा घेऊ, असं मीच म्हटलं आणि तिने मान हलवली.

तो उन्हाळा कसा काढला ते माझं मला माहीत. मच्छी आणली की लगेच शिजवायची, उरलं की मांजरीला. कळ्या ओल्या फडक्यात बांधून माठाजवळ ठेवायचे, तरी सकाळी निम्म्या तोंड उघडून बसलेल्या. नवरा म्हणाला, आपण आपला एक छोटा घेऊन टाकू. मी त्याच्यावर डाफरले. ठरलंय ना एकत्र घ्यायचं? वैनीला काय वाटेल? वैनीकडे विषय काढला की ती म्हणायची, बघू, घाई काय हाय. तिचीही काही अडचण असेल असं मी धरून चालले. लोकांच्या अडचणी समजून घेण्यात मी फार हुशार. त्या जुन्या फ्रीजचं दार एकदा उघडून बघावं, हे मात्र मला कधी सुचलं नाही. तिने सांगितलं होतं ना, मग बघायचं कशाला?

मग एका दुपारी बोईसरहून टेंपो आला. नवा कोरा, दोन दारांचा फ्रीज. वैनी आधी काही बोलली नाही याचं नवल वाटलं, पण आनंदच जास्त झाला; आपला वाटा नंतर देऊ, असं मी धरलं. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावून नारळ फोडतात, मग ती गाडी असो नाहीतर मिक्सर. मी आमच्या झाडाचा नारळ सोलला, कुंकवाचा करंडा घेतला आणि परसदारातून धावतच गेले. नव्या दारावर स्वस्तिक काढलं. वैनी बाजूला उभी राहून बघत होती. मी नारळ उचलला, तेवढ्यात टेंपोवाल्यांपैकी एक म्हणाला, "पहले पुराना निकालने दो." दुकानदार तो बदल्यात घेणार होता. मी नारळ हातात धरून बाजूला झाले.

दोघांनी जुना फ्रीज उचलला, उंबऱ्यात तिरका केला आणि ट्यूबचा पट्टा तुटला. दार सताड उघडलं. वरच्या खणातून ही एवढी बर्फाची लादी घसरली आणि ओटीवर पडून फुटली. तिच्यात कोलंबीची पिशवी होती, दगडासारखी घट्ट. टेंपो लवकर आला, म्हणून वैनीला तो खण रिकामा करायला वेळ मिळाला नसावा.

"वैनी, हा तर थंड करत होता."

तिने आधी टेंपोवाल्यांकडे पाहिलं, मग खाली बर्फाकडे. हळूच म्हणाली, "पोराचं लगीन हाय पुढल्या साली. नव्या सुनेला असं सामायिक नाय आवडायचं. तुला तोंडावर नाय सांगवलं गं बाय."

तोंडावर सांगवलं नाही, म्हणून सगळा उन्हाळा तिने माझं अन्न मांजरीला घालू दिलं. माझा मोगरा वाया जाऊ दिला. वेगळं करूया म्हणाली असती तर मी भांडले नसते. वाईट वाटलं असतं, दोन दिवस गेले नसते तिच्याकडे, एवढंच. पण मी नवऱ्याशी तिच्यासाठी भांडत होते आणि ती भिंतीपलीकडे सगळं ऐकत होती. आज मी तिच्या फ्रीजवर स्वस्तिक काढत होते तेव्हाही तिला थांबवावंसं वाटलं नाही. माझ्या बोटाला कुंकू तसंच होतं आणि मला तिथेच रडू यायला लागलं. रागाने, दुसरं काही नाही.

टेंपोवाले घामाघूम होऊन उभे होते. वैनीने मला हाताने खूण केली.

"फोड ना नारळ. लोक खोळंबलेत."

मी नारळ घेऊन घरी आले. संध्याकाळच्या कालवणात सगळाच्या सगळा वाटून घातला.