राणीची घरघर

आमच्या ओसरीवरचे किस्से म्हणजे मंडीतला संत्र्यांचा ढीग. एक काढायला जावं तर चार घरंगळतात! यंदा मात्र सगळे एका उंदरीभोवतीच जमले.

सौंसरचा आमचा गुलाबभाऊ संत्र्याच्या पेट्या ठोकतो. पोरगी लग्न होऊन नागपूरला गेली अन् तिची पाळलेली पांढरी उंदरी, राणी, याच्या गळ्यात पडली. "बाबा, जपजा हो तिले," एवढंच बोलली. भाऊनं पिंजऱ्यात पेट्यांचा बारीक भुसा अंथरला. घरचाच माल! थोड्याच दिवसांत राणी शिंकायला लागली. छातीत घरघर, नाकाशी लाल डाग.

"रक्त हाय बे! पोरीले काय सांगू?" भाऊ उंदरीपेक्षा पांढरा!

*

भाऊनं जामसांवलीच्या हनुमानाला नारळ बोलला. मी म्हटलं, "अरे, उंदीर गणपतीचा, अन् नवस हनुमानाले?"

"गणपती तिचा मालक हाय. मालक कधी बिमारीची सुटी देते का?"

*

शेवटी पांढुर्ण्याला ढोरांच्या डॉक्टरकडे नेली. त्यानं नळी लावली अन् म्हणाला, "हे रक्त नाही, आजारी उंदराच्या नाकातून असंच लाल पाणी येते. रोग छातीत लपलेला असते, धूळ-घाण भेटली का उठते. भुसा फेका, कागदाच्या पट्ट्या टाका. पिंजऱ्यात मुताचा वास साचू देऊ नका. औषध पुरं पाजा. अन् धूर बिलकुल नाही!"

*

एकदा मी पिंजऱ्यामागं लपून सणसणीत शिंकलो. भाऊ उष्ट्या हातानं धावत आला. "एवढी मोठी शिंक! गेली माही राणी!" मला हसू आवरेना. चप्पल घेऊन बसस्टँडपर्यंत माझ्या मागं!

*

धुराचं राहिलंच. वहिनीनं अगरबत्ती अंगणात नेली, डासांची कॉइल बंद केली. उरली भाऊची बिडी. लग्न झाल्यापासून वहिनी खोकून खोकून सांगून राहिली होती, "सोडा हो ते." भाऊ कुठला ऐकतो! पण त्या दिवशी त्यानं सगळं बंडल मोरीत बुडवलं.

"राणीले धूर चालत नाही."

वहिनीनं एकदा बुडालेल्या बंडलाकडं पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडं.

राणीची घरघर थांबली, तसे आम्ही सारे पाहायला गेलो. पाहतो तर पिंजऱ्याला लागून वहिनीची खाट, उशी-चादरीसकट!

"हे काय वं?" भाऊनं विचारलं.

वहिनीनं पदर सारखा केला. "इथं हवा चांगली हाय."