आत्याबाईंचा लिंब

माझं आणि माझ्या सासूबाईंचं पहिली पाच वर्षं एकाही गोष्टीवर जमलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भाकरी थापली तर जाड, पाणी आणलं तर उशीर, गप्प बसले तर माजोरी! मीही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन उत्तरं द्यायची आणि वर चुलीत लाकूड जोरात सारायची. घरधनी पलटणीत होते. लढाई लागली आणि त्यांची पलटण मिसर देशाकडे निघाली. जाताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "आईला सांबाळ. मी परत येईन तवा ती दारात दिसली पायजे." मी हो म्हटलं. आत्याबाई तेव्हा ठणठणीत होत्या, हो म्हणायला माझं काय जात होतं?

दुसऱ्याच वर्षी त्यांना खोकला लागला. वडूजच्या वैद्याचे काढे झाले, अंगारे झाले. दिवाळीनंतर थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा दिरांनी गाडी जुंपली, कोरेगावला रेल्वे धरली आणि आम्हाला मिरजेच्या दवाखान्यात आणून सोडलं. क्षय. आमच्या गावात हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. दीर दुसऱ्या दिवशी शाळवाच्या राखणीला परत गेले, आणि आम्ही दोघी राहिलो एकमेकींचं तोंड बघत. मला घरधन्यांना दिलेला शब्द आठवला.

क्षयाच्या बायकांची बैठी इमारत दवाखान्याच्या अगदी कडेला, उघड्या माळावर होती. तिथली रीत अशी, की खाट मिळाली की खिडकीबाहेरचं एक झाडही मिळायचं. मोठ्या नर्सबाई होत्या, उंच आणि कडक. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "औषधपाणी आम्ही बघू. झाड तुम्ही बघायचं. रोज दोन घागरी. आणि थुंकीचं भांडं धुतलेलं पाणी झाडाला घातलेलं मला दिसलं, तर गाठ माझ्याशी आहे." माळावरचा फुफाटा अडावा, आमच्यासारख्या सोबतीला आलेल्यांना पुढं सावली व्हावी आणि महिनोन्महिने आडव्या पडलेल्या माणसाला काहीतरी हिरवं दिसावं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वाट्याला छातीएवढा लिंब, म्हणजे कडुलिंब, आला.

मला असा संताप आला! आमच्या खटावात माणसाला प्यायला पाणी मिळण्याची मारामार, आणि इथं झाडाला दोन घागरी? विहीर काय जवळ होती? पण आत्याबाईंनी मात्र त्या लिंबाचा ध्यासच घेतला. खाटेवरून त्यांना हलायची बंदी होती, पण जिभेला बंदी नव्हती. खिडकीतून सुरू व्हायच्या, "वरनं काय वततीस गं? बुडात घाल. आळं मोठं कर. हात हायती का दांडकी?" गावाकडं बारा एकर कोरडवाहू राखलेली बाई ती, आता तिची सगळी शेती त्या एका झाडात आली होती. संक्रांतीच्या सुमारास एकदा सावकाश म्हणाल्या, "ह्यो जगला तर मी जगले बग." मी हसण्यावारी नेलं. पण त्या हसत नव्हत्या.

त्यांना उतार पडत होता, हे खरं. ताप कमी झाला, दूध पचू लागलं. लिंबालाही तांबूस, कोवळी पालवी आली. आणि मग आला पाडवा.

पाडव्याला लिंबाचा पाला तोंडात घातल्याशिवाय आमच्याकडं चहाचा घोट कुणी घेत नाही. पहाटे उठले तर सगळ्या खाटांवरच्या बायका एकच विचारत होत्या, पाला कुठं मिळंल? मोठे लिंब होते लांब, स्टेशनच्या वाटेवर. मी म्हटलं, घरचं झाड असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? मोठ्या तोऱ्यात गेले आणि ओरबाडला. कोवळा हवा म्हणून शेंडासुद्धा खुडला. गूळ-जिरं घालून वाटला आणि सगळ्या खाटांवर गोळी गोळी वाटत फिरले. बायका आशीर्वाद देत होत्या, आणि मी फुगत होते.

आत्याबाईंनी गोळी खाल्ली. तोंड वाकडं करत म्हणाल्या, "कडूच न्हाई, ग्वाड हाय. कुठला गं पाला?" आणि खिडकीकडं वळल्या.

बाहेर चार काटक्या उभ्या होत्या.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "माझाच लिंब मला खायला घातलास व्हय?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी दूध परत गेलं. दुसऱ्या दिवशीही गेलं. नर्सबाईंनी समजावलं, दटावलं, डॉक्टर येऊन गेले. एकच उत्तर, "आता काय उपेग न्हाई." चौथ्या दिवशी ताप परत चढला. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "त्या जेवल्या नाहीत तर औषध काही करू शकणार नाही."

मी झाडाला दोनाच्या चार घागरी घालू लागले. बैल गेला आणि झोपा केला! दवाखान्याचे म्हातारे माळीदादा म्हणाले, "आगं, लिंब हाय त्यो. असा मरतोय व्हय? फुटंल." पण कधी फुटणार? आत्याबाई तोवर थांबतील का? मिसरहून पत्र आलं होतं, त्यात पहिली ओळ आईची खुशाली विचारणारी. ते पत्र मी पोलक्यात ठेवून फिरत होते आणि झाडाशी बसून रडत होते.

आठव्या दिवशी मला अक्कल सुचली. अक्कल कसली, येडेपणा! तांबडं फुटायच्या आत स्टेशनच्या वाटेवरून हातभर हिरवीगार फांदी मोडून आणली आणि काथ्यानं आमच्या लिंबाला बांधली. आत जाऊन म्हटलं, "आवं आत्याबाई, बगा तर! लिंबाला पालवी फुटली!"

त्यांनी मान वळवली. बघितलं. भिंतीकडं परत वळल्या नाहीत. मला वाटलं, जिंकले. दुपारी चैताचं ऊन तापलं आणि ती फांदी हां हां म्हणता लोंबायला लागली. मी दाराशी थिजले होते. आणि आतून आवाज आला. मला वाटलं, ढास लागली. बघते तर आत्याबाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, उशी गच्च धरलेली. "आगं बया! एका रातीत हातभर फांदी? आन् दुपारला मान टाकली? मी काय शेर्डं राखाय आले हुते का जल्माला? एवढी येडी कशी गं तू!" हसता हसता खरंच ढास लागली, नर्सबाई धावत आल्या आणि दोघींनाही झापलं.

ढास थांबल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मला तितवर न्या." नर्सबाईंनी क्षणभर बघितलं आणि खुर्ची मागवली. मी आणि माळीदादांनी खुर्ची उचलून झाडापाशी नेली. आत्याबाईंनी आधी माझा काथ्या सोडून फांदी फेकून दिली. मग अंगठ्याचं नख त्या उघड्या खोडावर हळूच ओढलं. सालीखाली हिरवं दिसलं. बोट लावून म्हणाल्या, "वल हाय. जित्तं हाय ह्ये." आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दूध आण."

पंधरा दिवसांत लिंब फुटला. पुढच्या पाडव्यापर्यंत आम्ही तिथंच होतो. त्या सकाळी आत्याबाई पहाटेपासून खिडकीशी पहारा देत बसल्या होत्या. "एका पानाला हात लावलासा तर बगा!" आम्ही सोबतीच्या सगळ्या बायका मुकाट्यानं स्टेशनकडं गेलो. त्या उन्हाळ्यात आत्याबाई बऱ्या होऊन घरी आल्या, आणि लढाई संपून घरधनी परतले तेव्हा दारात उभ्या होत्या. मी दिलेला शब्द खरा झाला. तो माझ्या एकटीच्या जोरावर झाला नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या कडक नर्सबाई, ते डॉक्टर, माळीदादा आणि विहीर, सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत. माणसाला बरं करायला झाड लावायचं, हे ज्याला सुचलं त्याचं देव भलं करो.

पण आत्याबाईंनी माझा काही पिच्छा सोडला नाही! कुणी पाव्हणं आलं, की काथ्यानं बांधलेल्या फांदीची गोष्ट सांगायच्या. हळदीकुंकवाला, सुगीला, बारशाला, सगळीकडं. मी मनातल्या मनात दात-ओठ खायची.

घरधनी परतले त्याच्या पुढच्या वर्षी मी बाळंत झाले. मुलगी सुखरूप, पण मला ताप भरला आणि वात झाला. त्याच दवाखान्यात नेलं, बाळंतिणींच्या मागच्या खोलीत. खिडकीबाहेर नुसती भिंत. तीन दिवस मला शुद्ध नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तर खिडकीच्या गजाला हिरवी डहाळी. लिंबाची. काथ्यानं बांधलेली.

पायाशी आत्याबाई बसल्या होत्या, मांडीवर माझी लेक. मी कसंबसं विचारलं, "आत्याबाई, आपला लिंब तोडलासा?"

"मग काय करू? तुला हितनं दिसत न्हवता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दुपारपतूर मान टाकतीया, ठावं हाय मला. रोज सकाळी नवी बांधतीया. तू नुसती बगत ऱ्हा."