लेडीजच्या बाजूची वायर

"बाईच्या बोटांत जोर कुठला?" असं आजही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. समोरचा माणूस तबल्याबद्दल बोलतोय की बरणीच्या झाकणाबद्दल, हे ऐकून घ्यायलाही मी थांबत नाही. माझा नवरा लगेच म्हणतो, "झालं, आता सुरत निघणार." निघतेच. का निघू नये?

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. बाबा बँकेत होते, मी लहान असतानाच त्यांच्या बदलीमुळे आम्ही सुरतेला आलो आणि तिथलेच होऊन गेलो. मी कॉलेजात फिजिक्स घेऊन शेवटच्या वर्षाला होते आणि थोडीफार गिटार वाजवायचे. आमच्या शेजारच्या ताई सुरतेच्या उधना भागातल्या एका ऑर्केस्ट्रात गायच्या. सगळी मंडळी खानदेशातून आलेली, दिवसा कापडाच्या लूमवर आणि डाइंगमध्ये राबणारी. गणपती, लग्नं, हळद, आणि वर्षाचा मोठा हंगाम म्हणजे नवरात्र. त्यांचा बेस गिटारवाला हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये लागला, शिफ्ट ड्यूटीमुळे यायचा बंद झाला आणि ऑर्केस्ट्राची गिटार खोळ घालून कोपऱ्यात पडली. ताई मला घेऊन गेल्या.

ऑर्केस्ट्राच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणायचे. ते एका पॉवरलूम कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते आणि कीबोर्ड वाजवायचे. घरात अहिराणी, बाहेर गुजराती, माइकवर हिंदी. त्यांनी मला दोन गाणी वाजवायला लावली, मान हलवली आणि म्हणाले, "चालयी जाई." चालून जाईल. मला त्या दिवशी घरी जाताना रस्ता दिसत नव्हता, इतका आनंद झाला होता.

बेस गिटारला चार जाड तारा असतात. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण बंद केली की गाण्याच्या पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं वाटतं. मला ते फार आवडायचं. लहानपणापासून मी गरब्यात गोल फिरले होते. आता शेकडो पावलं ज्या ठोक्यावर पडतात, तो ठोका मला द्यायचा होता. नवरात्रात त्या स्टेजवर बसायचं, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. बाकी परीक्षा, स्थळं, सगळं नंतर.

पहिला कार्यक्रम एका सोसायटीच्या गणपतीत झाला. मी ढोलकवाल्याच्या शेजारी, ॲम्पला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जवळजवळ टेकून बसले होते. पहिली दोन गाणी छान झाली. मास्तर कीबोर्डवरून माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. तेवढ्यात सोसायटीचे एक काका स्टेजच्या कडेला आले आणि मास्तरांना हळूच म्हणाले, "छोकरी जेन्ट्सनी वच्चे सारी नथी लागती." हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतकं. पुरुषांच्या मधे मुलगी बरी दिसत नाही. मास्तरांनी वाद घातला नाही, हसून मान डोलावली आणि माझी खुर्ची उचलायला लावली. स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गाणाऱ्या बायका बसायच्या. ती लेडीजची बाजू. माझी रवानगी तिकडे झाली.

मी हलले, पण ॲम्प हलला नाही. ॲम्पची बटणं मास्तरांच्या हाताशी हवीत, असा त्यांचा नियम होता. मग माझ्या गिटारपासून ॲम्पपर्यंत वायर पोहोचेना. मंडपाच्या लाइटवाल्याने माइकच्या दोन जुन्या वायरी सोलल्या, पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली आणि ते लांबलचक गाठोडं रंगीत बल्बांच्या माळांना खेटून पूर्ण स्टेजभर फिरवून आणलं. मी तिसरं गाणं सुरू केलं आणि ऐकू आलं ते फक्त भम्म, भम्म. कुणीतरी लांब गादी झोडपतंय असं. त्याच्याखाली बल्बांची एक सतत घुंई.

तीच गिटार. तीच मी. त्याच तारा. पहिल्या दोन गाण्यांत हसणारे मास्तर कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुन्हा बोटस्मा जोर नही."

तुझ्या बोटांत जोर नाही! मधे काय बदललं, असा प्रश्न त्या स्टेजवर एकाही शहाण्याला पडला नाही. मलाही लगेच पडला नाही, हे आठवलं की आणखी राग येतो. मी घरी जाऊन बोटं सोलून निघेपर्यंत वाजवलं. आई हळद लावून द्यायची आणि म्हणायची, "कशाला हा छळ?" पुढच्या कार्यक्रमात मी तारा इतक्या जोराने ओढल्या की हाताला कळा आल्या. आवाज आला भम्म. फक्त जास्त मोठा भम्म.

मग एकदा तालमीला मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. तालीम एका बंद लूमच्या शेडमध्ये व्हायची, आणि तिथेही आता माझी खुर्ची लेडीजच्या बाजूला ठेवायचा रिवाज पडला होता. तालमीला कुठला काका बघायला येणार होता? पण एकदा लागलेली सवय ती. मी खुर्ची ॲम्पजवळ ओढली, एक छोटी वायर लावली आणि वाजवलं. आवाज स्वच्छ आला. बोट तारेवरून सुटताना जी बारीकशी टिचकी वाजते, तीसुद्धा आली. परत लांब वायर लावली, तर गादी. पुन्हा छोटी, पुन्हा लांब. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण हे मला येत होतं! कॉलेजात आम्हाला हे शिकवलं होतं, आणि मी त्याचे गुण मिळवून मोकळी झाले होते. गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तार हलली की त्या वेढ्यांत करंट तयार होतो, पण तो अगदी अशक्त. वायरच्या आत एक तार आणि तिच्याभोवती जाळी असते, आणि या दोघी मिळून आवाजाचा वरचा, धारदार भाग वाटेतच गिळून टाकतात. वायर जितकी लांब, तितकं जास्त गिळणार. पोहोचतं ते फक्त खालचं. त्यात आमची वायर जुनी, स्वस्तातली, मधे टेपने जोडलेली. बोटांचा यात काडीचा संबंध नव्हता.

मास्तर आल्यावर मी त्यांना दोन्ही वायरींवर वाजवून दाखवलं. "मास्तर, ऐका ना, ही छोटी. आणि आता ही लांब. वायर लांब असली की आवाज मरतो. मला ॲम्पजवळ बसू द्या, नाहीतर ॲम्प तरी माझ्याकडे सरकवा."

ते कीबोर्डचं कव्हर घडी घालत होते. "तू माले शिकाडी राह्यनी का?" एवढंच म्हणाले. तू मला शिकवतेस का? आणि मग, "लेडीज लेडीजकडे बसतीन."

मी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "अगं, वाजवायला मिळतंय ना? कशाला डोकं लावतेस?" ताई मायेने बोलल्या होत्या, पण मला त्यांचाही संताप आला. डोकं लावायचं नाही तर ते खांद्यावर कशाला ठेवलंय?

पुढच्या तालमीला मी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्यालाही. मास्तरांच्या उत्तरात आता एक नवीन वाक्य आलं. नवरात्राला जोर लागतो, आणि मला जमलं नाही तर त्यांचा मेहुणा वाजवेल. हा मेहुणा जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात होता आणि अधूनमधून कुठल्या तरी बँडमध्ये गिटार धरायचा. नवरात्र पंधरवड्यावर आलं होतं.

खुर्ची हलणार नाही, ॲम्प हलणार नाही, वायर आखूड होणार नाही. मग उरलं काय? आधी मी तो टेपचा जोड सोडवून नीट सोल्डर केला. घुंई कमी झाली, गादी तशीच राहिली. मग कॉलेजच्या लॅबमध्ये बसून एक सर्किट जुळवलं. एक छोटा ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर आणि रेडिओत घालतात तसली चौकोनी बॅटरी. आवाज मोठा करणं हे त्याचं काम नव्हतं. गिटारजवळच त्या अशक्त करंटला पाठबळ द्यायचं, म्हणजे लांब वायरीला तो गिळता येत नाही. पहिल्यांदा ते साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत बसवलं, तर डबीनेच बल्बांची घुंई पकडली. मग शाळेतली पत्र्याची कंपासपेटी घेतली, आतून अर्थिंगची तार पत्र्याला जोडली, दोन बाजूंना भोकं पाडली. बाबा पेपर खाली करून म्हणाले, "काय कारखाना काढलाय?" पण सोल्डरिंगच्या धुराबद्दल आईने कुरकुर केली तेव्हा त्यांनीच खिडकी उघडून दिली.

कंपासपेटी कमरेच्या पट्ट्याला अडकवून मी तालमीला गेले. लेडीजच्या बाजूलाच बसले. त्याच लांब वायरीतून पहिला सूर वाजवला आणि ढोलकवाल्याने हात थांबवून मान वर केली. असा आवाज त्या ॲम्पमधून कधी निघाला नव्हता. गोल, भरीव, आणि प्रत्येक सुराला स्वतःची धार. ताईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ओढणीने पुसलं.

मास्तर शेड ओलांडून माझ्याकडे आले. वाकले. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, कंपासपेटीकडे बघितलं. "काय मस्त डबी शे!" म्हणाले. सगळे जमले. डबीत काय आहे, डबी कुठे मिळते, डबी कीबोर्डला चालेल का? "मी बनवली," असं मी म्हणाले, तर एक जण म्हणाला, "तुझ्या सरांनी बनवून दिली असेल." वाजवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आवाज वाईट होता तेव्हा तो माझ्या बोटांचा होता. चांगला झाला तेव्हा डबीचा.

तरी मी गप्प बसले. नवरात्र मिळतंय ना, म्हटलं. चक्क ताईंचंच वाक्य मी स्वतःला ऐकवलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी मैदानात स्टेज उभं राहिलं. मी पोहोचले तर गिटार मेहुण्याच्या गळ्यात होती, आणि तालमीनंतर गिटारबरोबरच ठेवलेली माझी कंपासपेटी त्याच्या कमरेला. मास्तर मला बघून अगदी प्रेमाने म्हणाले, "ये, बेटा. आते डबी शे, ते कोनी बी वाजाडी. नऊ राती शेतस, तू दमी जाशी. तू कोरसमा गाय."

आता डबी आहे, तर कुणीही वाजवेल. मी दमून जाईन. मी कोरसमध्ये गावं. मला गाता येत नाही, हे त्या ऑर्केस्ट्रात सगळ्यांना माहीत होतं.

मी मेहुण्याजवळ गेले, कंपासपेटीतली वायर उपसली आणि पेटी पर्समध्ये टाकली. मेहुणा "अहो, अहो" करायला लागला. मास्तर म्हणाले, "डबी ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "पेटी माझी आहे." आणि स्टेजखाली उतरून तिथेच उभी राहिले. हलायचं नाही असं ठरवलं होतं.

लांब वायर आधीच लेडीजच्या बाजूपर्यंत आलेली होती, म्हणून मेहुणा तिथेच माझ्या खुर्चीवर बसला आणि ती वायर सरळ गिटारमध्ये खोचली. वाजवलं. भम्म. भम्म. तीच गादी. मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणतील, मनात म्हटलं, आता यालाही म्हणतील.

मास्तरांनी कान तिरपा केला, पुन्हा वाजवायला लावलं आणि लाइटवाल्याला हाक मारली. "वायर खराब शे. इतली लांब वायरमा आवाज मरी जास. त्यानी खुर्ची आठे आना, ॲम्पजोडे."

दोघा जणांनी खुर्ची उचलली आणि ॲम्पजवळ नेऊन ठेवली. लाइटवाल्याने खिशातून एक छोटी वायर काढून दिली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी ओरडले. आजूबाजूचे मंडपवाले, रांगोळी काढणाऱ्या बायका, सगळे वळून बघायला लागले इतक्या जोरात ओरडले. "मास्तर, हेच मी तुम्हाला इतके दिवस सांगत होते!"

मास्तर स्टेजच्या कडेला आले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांना उलट उत्तर द्यायचं नव्हतं, की मला चिडवायचं नव्हतं. मी त्यांचा चेहरा नीट बघितला आहे, आणि मी खात्रीने सांगते, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर आठवत नव्हतं.

"तू?" ते म्हणाले, आणि मी कधी सांगितलं ते मलाच विचारलं. "तू माले कवय सांगं?"