हिंगाची चिमूट

जेसल पार्कला राहणारी निशा गमरे घराबाहेर पडली, की आधी जेवणाला भ्यायची. गहू तिच्या आतड्यांना सोसत नाही हे डॉक्टरांना कळेपर्यंत ती ऑफिसात दोनदा चक्कर येऊन पडली होती. चपाती, पाव, रवा सुटला तशी अंगात ताकद आली. ती खाडीकाठी धावायला लागली, मग एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर गड चढायला. डबा मात्र कायम घरचा.

रतनगडाच्या वेळी प्रवासात डब्यातला भात आंबला. गावात ज्या घरी ग्रुपचं जेवण होतं, तिथल्या मावशींना तिने विचारलं, "यात गहू नाही ना?"

"न्हाई गं बाई. तांदळाची भाकर अन् बेसनाचं पिठलं."

उपाशीपोटी चढायचं धाडस नव्हतं. ती जेवली.

गड पाहून उतरताना पोटात कळ आली. ओळखीची कळ. लोखंडी शिडीपाशी पोचेतो दोनदा उलटी झाली, हात गार पडले. पुढे सरळ खाली दरी.

"मी नाही उतरत," ती ग्रुपच्या निकेतला म्हणाली. "मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली तर हात सुटेल माझा."

"ताई, इथे थांबलो तर उजेड जाईल." त्याने तिच्या कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक वर थांबलेल्या दोघांच्या हाती दिलं आणि स्वतः तिच्या खाली उतरला. "तुमचा पाय मी पायरीवर ठेवतो. खाली बघू नका."

निम्म्यावर पुन्हा कळ आली. निशाने शिडीला मिठी मारली. आपण आता पडणार, हे तिला अगदी खरं वाटत होतं.

"डावा पाय, ताई."

"नाही हलत."

"मग थांबू. मी इथेच आहे."

बऱ्याच वेळाने डावा पाय हलला.

खाली पोचल्यावर ती मावशींच्या ओसरीवर आडवी झाली. निकेतने पिठल्यात घातलेल्या हिंगाची डबी आणून तिच्यावरची यादी वाचली. त्यात मैदा होता. मावशी रडवेल्या झाल्या. "तुमची चूक नाही, मावशी," निशा म्हणाली. "हिंगाचं विचारायचं मीच विसरले."

आठवडाभर ती अंथरुणात होती. "आता बास डोंगर," नवरा बुद्धभूषण म्हणाला. तिने वाद घातला नाही. शिडी स्वप्नात यायची.

दोन महिन्यांनी तिने पुढच्या गडासाठी पुन्हा नाव दिलं. रात्री तिने बुद्धभूषणला सांगितलं.

"भीती वाटते ना? मग कशाला?"

"वाटते. घरी बसूनही वाटतेच."

त्याने दाराशी ठेवलेले तिचे बूट उचलून पाहिले. मग म्हणाला, "मीही येतो. माझ्यासाठी बूट बघ."