उमरीचा दयाळ आणि पांचाळ सर

आमचे पांचाळ सर समोरच्याला बोलता बोलता हात वर करून गप्प करायचे. प्राचार्यही त्यातून सुटले नाहीत. "थांबा, गडी बोलायलाय!" गडी म्हणजे दयाळ, शेपटी उभारून गाणारा तो काळा-पांढरा पक्षी. लातूरच्या कॉलेजात सर जीवशास्त्र शिकवायचे, मी रसायनशास्त्र. मला पाखरांतलं ओ की ठो कळत नाही. पण सरांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला सुट्टीत घरात बसवत नाही, म्हणून त्यांच्या पीएच.डी.ची सारथी मीच.

लातूरचा आणि उमरीचा दयाळ वेगळं गातात, त्यांच्या पंखांवरचा पांढरा पट्टाही कमी-जास्त रुंद असतो, हे सरांना सिद्ध करायचं होतं. माइक धरून उन्हात तासन्‌तास उभे राहायचे. मी वैतागायची, "सर, सारखंच तर गातोय की हा!"

"मॅडम, लातूरची अन् उमरीची माणसं तरी सारखी बोलतात का?"

गाइडना शेवटचं एक प्रकरण हवं होतं: लातूरच्या दयाळाचं गाणं उमरीच्या दयाळाला ऐकवायचं आणि तो किती चिडतो ते टिपायचं. त्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता. सरांच्या घरी वहिनींनी तर दारावरच्या पाटीत 'डॉ.'पुरती जागा आधीच सोडून ठेवलेली.

उमरीजवळ एका शेतात आंब्याच्या ढोलीत घरटं होतं. सरांनी स्पीकरवर गाणं लावलं. नर असा चवताळून आला म्हणून सांगू! पण आनंदाच्या भरात सर रेकॉर्डर सुरू करायलाच विसरले. म्हणून पुन्हा लावलं, आणि पुन्हा. नर स्पीकरशी भांडत राहिला, मादी किडे शोधायला गेलेली, तेवढ्यात भारद्वाजानं ढोलीत मान घातली. आम्ही ओरडत धावेपर्यंत पिल्लं गेली होती. मादी चोचीत अळी घेऊन आत जायची आणि तशीच बाहेर यायची. सर तिथंच ढेकळांत बसले.

परतताना मी समजूत घातली, "अहो सर, भारद्वाज रोज कुणाची तरी पिल्लं नेतोच."

"त्याला पोट हाय, मॅडम. माझं काय अडलं होतं?"

गाइडना त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "मला न्हाई जमायचं हे." मी कडाकडा भांडले. इतक्या वर्षांची मेहनत अशी पाण्यात घालतं का कुणी! रागानं मला रडू आलं.

यंदा मे महिन्यात सरांचा निरोप समारंभ झाला. बोलायचा आग्रह केला तर म्हणाले, "मी लई बोललो आजवर. आता उमरीचा दयाळ ऐका." सगळे कान टवकारून बसले. आणि सर व्यासपीठावरून उतरून हॉलच्या खिडक्या लावत सुटले.

"अहो पांचाळ, उकडून माराल सगळ्यांना!" प्राचार्य घाम पुसत म्हणाले.

"दोनच मिनिटं, सर. बाहेर कडुलिंबावर इथल्या गड्याचं घरटं हाय. त्याला ऐकू जाऊ नये."

मी उठले आणि मागच्या बाजूच्या खिडक्या लावल्या. शेवटची कडी बसली, तेव्हाच त्यांनी बटण दाबलं.