कानपूरचा, पाच नंबर

माणसाला स्वतःची फजिती करून घ्यायला फार काही लागत नाही. मला नुसते बूट पुरले. ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते तर एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता.

तर मी सोलर पंप बसवणाऱ्या एका कंपनीत आहे. ऑफिस लातूरला, काम रेणापूरकडच्या रानात. खड्डे घ्यायचे, लोखंडी खांब उभे करायचे, वर काचेच्या प्लेटा चढवायच्या. कार्डावर इंजिनियर लिहिलंय, पण पाय दिवसभर काळ्या मातीत. आणि आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीत आहे. ओली असली की चप्पल ठेवून घेते, वाळली की अंगठा ठेचून काढते.

पहिले काही महिने मी सँडलवर काढले. मग एक दिवस पायावर पाईप पडला आणि नख निळं झालं, तेव्हा ठरवलं की आता बूट घ्यायचे. खरेखुरे, कामाचे. पुढं लोखंडी टोपी असलेले, घोटा धरणारे, आणि मुख्य म्हणजे टिकणारे.

आता तुम्ही लातुरात जाऊन बाईच्या मापाचा कामाचा बूट मागून बघा. एका दुकानदारानं मला फुलाफुलाचा बूट दाखवला. वर बो होता. दुसऱ्यानं विचारलं, मिस्टरांचा नंबर काय. मिस्टर नाहीत म्हटलं तर म्हणाला, मग भावाला घेऊन या. तिसऱ्यानं शाळेच्या पोरांचे काळे बूट पुढं ठेवले आणि वर सांगितलं की घ्या, दहावीपर्यंत चालतील.

शेवटी मी फोनवरून एक बाहेरच्या देशातला मागवला. दिसायला असा राजबिंडा की उशाशी घेऊन झोपावं. पंधरा दिवसांत एका शेतात पाय उचलला तर बूट वर आला आणि तळवा खालीच राहिला. शेतकऱ्यानं तो फावड्यानं काढून दिला. म्हणाला, ताई, हे घरात घालायचं हाय वाटतं.

मग कुणीतरी नांदेडचं एक दुकान सांगितलं. जुन्या बाजारात, गल्लीच्या आत, फक्त कामगारांचे बूट विकणारं. आत म्हातारे चाचा बसलेले. मी नंबर सांगितला तर ते हसले, माळ्यावर चढले आणि धूळ झटकत एक खोका घेऊन खाली आले. म्हणाले, कानपूरचा माल आहे, अस्सल चामडं, तळवा शिवलेला, नुसता चिकटवलेला नाही. पाच नंबर चुकून आला होता आणि तेव्हापासून गिऱ्हाईकाची वाट बघत पडलाय. मी पाय घातला. पहिल्यांदा बरोब्बर बसला. किंमत ऐकून पुन्हा काढावासा वाटला, पण चाचांनी सांगितलं की तळवा निघाला तर घेऊन या, मी असेपर्यंत माझी गॅरंटी. घेतला.

किंमत घरी सांगितली नाही. आमचं घर हिमायतनगरकडं, शेती आहे. माझे वडील, म्हणजे अप्पा, तळाला टायर लावलेली चप्पल वर्षानुवर्षं वापरतात. त्या पैशात त्यांच्या चपलांची जन्माची सोय झाली असती. शिवाय माझी नोकरी मुळातच त्यांच्या गळी मुश्किलीनं उतरलेली. पोरगी परगावी, एकटी, रानात गड्यांबरोबर काम करते. वर लग्नाची स्थळं येतात आणि मी नाही म्हणते. काही वाकडं कानावर आलं की पेटी उचलून गावाकडं, हे त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलेलं.

लातुरात मी मालनकाकूंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. काकू प्रेमळ, पण दोन नियमांवर ठाम. खोलीत चप्पल-बूट न्यायचे नाहीत आणि पुरुष आणायचा नाही. अडीअडचणीला म्हणून अप्पांचा फोन नंबर त्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवला होता.

मी सकाळी लवकर निघायची, तेव्हा काकू देवळात. यायची दिवे लागता लागता, तेव्हा काकू टीव्हीसमोर. त्यामुळं माझ्या पायात काय असतं हे त्यांनी कधी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच: गच्चीवर कपडे काढायला यावं, तर माझं दार बंद, बाहेर चिखलानं माखलेले दांडगे पुरुषी बूट, आणि आतून पुरुषाचा आवाज. तो आवाज आमच्या ठेकेदाराचा. मी भाकरी थापताना फोन स्पीकरवर टाकायची आणि तो दुसऱ्या दिवशीचा सिमेंटचा हिशोब सांगायचा. पण बाहेरून काकूंना ते कसं कळावं?

एका रविवारी काकू गरम धपाटे घेऊन वर आल्या. बसल्या. दाराकडं एकदा बघितलं, बाहेर माझे बूट. मला आनंदच झाला, कारण काकूंच्या टाचा कायम दुखायच्या आणि मला वाटलं, बाईला बुटाचं विचारायचंय. आणि त्या बुटावर बोलायला मी तर कुणाचीतरी वाटच बघत होते.

काकू हळूच म्हणाल्या, "कधीपासून चालू हाय हे?"

"दिवाळीपासून, काकू."

"कुठला हाय?"

"कानपूरचा."

"बया. एवढ्या लांबचा?"

मी म्हटलं, "इकडं मिळतच नाही हो धड. अख्खं लातूर पालथं घातलं. दिसायला चकचकीत, पण एका पावसाळ्याचे सोबती."

काकूंनी पदर सावरला. "आपल्यातला हाय का भायेरचा?"

"आपलाच. बाहेरचा एक करून बघितला मी. दिसायला देखणा होता, पंधरा दिवसांत रेणापूरच्या एका शेतात सोडून आले त्याला."

"म्हंजे ह्याच्या आधी पन एक झाला?"

"हा पाच नंबर आहे काकू. म्हणून तर एवढं शोधावं लागलं."

काकूंनी बोटांवर मनातल्या मनात काहीतरी मोजलं, हे मला दिसलं. पण मला वाटलं, स्वतःच्या पायाचा नंबर आठवताहेत.

मग त्यांनी विचारलं की त्रास वगैरे देतो का. मी खरं तेच सांगितलं. सुरुवातीला लई चावला, टाचेला फोड आले, पण रोज तेल लावून चोळलं तसा मऊ झाला. आता दिवसभर सोबत असला तरी कळत पण नाही.

काकूंचा आवाज अगदी खाली गेला. "आन रातच्याला?"

"रात्री बाहेरच असतो. मला आत घ्यायचा होता, थंडी-पावसाचं बाहेर बरं वाटत नाही. पण तुमचा नियम आहे ना."

"घरी ठावं हाय?"

"नाही, आणि अप्पांना तेवढं सांगू नका. त्यांना झेपायचं नाही."

एवढं झाल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? काकूंचा चेहरा पडलेला बघून मला वाटलं, यांना पण हवा असेल, संकोचताहेत. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "काकू, तुमच्यासाठी पण बघू का एक? तुमच्या वयाला तर फारच चांगला. काकांना सांगायची काय गरज आहे?"

काकू ताट तिथंच ठेवून जिना उतरल्या. टाचा दुखणारी बाई इतक्या झपझप उतरू शकते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी धपाटे खाल्ले. चांगले झाले होते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी दुपारी जेवून आडवी झाले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि कुजबुज ऐकू आली. दार उघडलं तर पायरीवर अप्पा. धुतलेलं पांढरं धोतर, नवी टोपी. ते माझ्या बुटांशेजारी बसले होते आणि एखाद्या पाहुण्याकडं बघावं तसं त्यांच्याकडं बघत होते. मागं हातात पिशवी घेतलेले मामा आणि त्यांच्या मागं मालनकाकू.

हिमायतनगरहून एसटीनं नांदेड, तिथून दुसरी गाडी धरून लातूर, न सांगता, दोघं. माझा पहिला विचार आईचा. आई कशी आहे विचारलं तर अप्पा म्हणाले, तिला काय झालंय, बरी हाय. मग दुसरा विचार पेटी उचलण्याचा.

अप्पा रागावलेले दिसत नव्हते, हे जास्त भीतीदायक होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठं हाय तो?"

मी म्हटलं, कोण?

काकू मागून म्हणाल्या की बाई, आता लपवू नको, मी सगळं सांगितलंय, तुझ्या भल्यासाठीच सांगितलंय.

तोवर मामा आत शिरले होते. त्यांनी खाटेखाली वाकून बघितलं. कपाट उघडलं. गॅसची टाकी सरकवून तिच्यामागं बघितलं, जिथं मांजर मावलं नसतं. मग न्हाणीच्या बंद दारासमोर उभे राहून घसा खाकरला आणि फार अदबीनं म्हणाले, "जावईबापू, बाहेर या. कोणी काही बोलून राहिलं न्हाई तुम्हाला."

आत नळ टपटपत होता. मामा आमच्याकडं वळून म्हणाले, लाजतोय.

कानपूरचा, पाच नंबर, चावतो, रात्री बाहेर असतो. एकेक शब्द डोक्यात उलटा होऊन पडला, आणि काकूंसाठी एक बघते म्हणालेलं आठवलं तेव्हा तर गच्चीवरून उडी मारावीशी वाटली. तोंडानं सांगून कुणाला पटणार नव्हतं. मी पायरीवर बसले, बूट पायात घातले, नाड्या बांधल्या आणि सगळ्यांसमोर गच्चीच्या कठड्यापर्यंत जाऊन परत आले.

अप्पांनी वाकून बुटाच्या टोकाला अंगठ्यानं दाबून बघितलं. मी म्हटलं, हा कानपूरचा, अप्पा. हा पाच नंबर. दुसरं कोणी नाही.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि मटकन पायरीवर बसल्या. मामा न्हाणीचं दार तरीही एकदा उघडून बघून आले.

मला वाटलं, सुटले. आता अप्पा हसतील, पाठीवर थाप मारतील. अप्पांनी फक्त टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"म्हंजे कोणीच न्हाई?" ते म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष मामांच्या पिशवीकडं गेलं. आत नारळ होता. पेढे होते. पँटपीस, शर्टपीस, वर घडी घातलेला टॉवेल.

मग मामांनी सगळं सांगितलं. काकूंचा फोन आल्यावर अप्पा दोन दिवस जेवले नाहीत, हे खरं. पण तिसऱ्या दिवशी आईनंच विषय काढला की एवढी स्थळं पोरीनं नाकारली, आता तिनं स्वतः एक पसंत केलाय तर कानपूर काय आणि नागपूर काय. आधीचे चार सोडले म्हणजे पोरगी पारखून घेते, असं मामांनी त्यात घातलं. आपल्यातला आहे असं पोरगी म्हणते, हे काकूंनी सांगितलंच होतं. मग अप्पा हळूहळू वळले. एसटीत बसल्यापासून तर ते हिंदी जुळवत होते, की पोरगा समोर आल्यावर काय म्हणायचं. नांदेडच्या स्टँडवर त्यांनी स्वतः हौसेनं पेढे घेतले.

मी अप्पांकडं बघितलं. एवढा लांबचा प्रवास करून, मन मोठं करून, हिंदी पाठ करून माणूस आला होता, आणि मी त्यांच्यापुढं काय केलं? बूट. माझ्या आयुष्यात मी त्यांची केलेली ही सगळ्यात मोठी निराशा, आणि त्यात माझी काही चूक आहे असं मला त्या क्षणापर्यंत वाटलंच नव्हतं.

मी विचारलं, चिडलात का?

अप्पा म्हणाले, "चिडू कशाला. शिवण चांगली हाय."

पेढे आम्ही चौघांनी तिथंच गच्चीवर खाल्ले. काकूंनी चहा केला आणि फक्त माझ्या बुटापुरता आपला पहिला नियम मागं घेतला. तो आता आत झोपतो. पँटपीसची मी कामाची पँट शिवून घेतली. अप्पांना मी नांदेडच्या त्याच दुकानातून बूट घेऊन द्यायला निघाले होते, पण किंमत विचारून ते टायरच्या चपलेवर परत गेले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आईनं तोवर भावकीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की कानपूरचा आहे, नोकरी चांगली आहे, हे गेलेत बघायला. नोकरीचं तिनं स्वतःच्या मनानं घातलं. आता पोरगा म्हणजे बूट निघाला, हे कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं आपलं सोपं केलं. सांगितलं, आमच्याच पोरीनं ऐनवेळी नाही म्हटलं.

त्यामुळं आमच्या गावात माझी ख्याती अशी, की बाप नारळ घेऊन दारात उभा होता आणि हिनं चांगलं स्थळ मोडलं. मागच्या महिन्यात एका लग्नात चुलतीनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं की काय खोट होती त्या पोरात, दारू प्यायचा का. मी म्हटलं, काहीच खोट नव्हती, फार चांगला आहे. दारूचा तर प्रश्नच नाही. चुलतीची नजर माझ्या पायांकडं गेली, तिथं लग्नाच्या साडीखाली तेच बूट होते, आणि तिनं मोठा उसासा टाकला.

"जाऊ दे गं," ती म्हणाली, "तुझा पायगुणच तसा."