आबांची एकुलती कॅसेट

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात एकच कॅसेट काढली. काढली म्हणजे भरली. भूमकडच्या आमच्या गावात, दूध सोसायटीच्या खोलीत, उसन्या टेपरेकॉर्डरवर. दुष्काळानं चारा संपला होता, दूध आटलं होतं, त्यामुळं सोसायटीचे सेक्रेटरी असलेल्या आबांना दुपारभर काम नसायचं. जयंतीला गाणारी त्यांची पार्टी तिथं जमली. ढोलकी होती, एक पट्टी अडकलेली पेटी होती आणि दुधाचा रिकामा कॅन होता. कॅन बडवणाऱ्याला ताल कळत होता असं मी शपथेवर सांगणार नाही, पण उत्साह दांडगा होता.

गाणी सगळी आबांची. एक पाझर तलावाच्या कामावर, एक मुकादमावर आणि एक अख्खं गाणं दुधाच्या फॅटवर! ‘फॅट लागंना गं बाई, फॅट लागंना’ असं ते इतक्या कळवळून म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं कुणी रुसून गेलंय. मधेच बाहेरची शेळी खोकते. आणि एका गाण्यात, ऐन रंगात, मायची हाक येते: “टँकर आला! अवो, टँकर आलाऽऽ!” त्यासरशी गाणं तिथंच टाकून सगळे पळाले. टेप बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसरी कोरी कॅसेट नव्हती, म्हणून तेच कायम झालं.

माय चिडली. “माझं वरडणं काडा त्यातनं. लोक हासतेत.”

“ऱ्हाऊ दे,” आबा म्हणाले. “समद्यात तूच तर सुरात हायस.”

पुढं मी पुष्कळ गुळगुळीत कॅसेटी ऐकल्या. त्यांत सूर चुकत नाही, शेळी खोकत नाही. त्या मला आवडतात आणि लक्षात राहत नाहीत.

गावात मात्र आबांची चेष्टा व्हायची. हॉटेलवाला एक-दोन गाणी लावायचा, लोक हसायचे, की कॅसेट बदलली. एकदा तरी माणसांनी ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच आबांची आस. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं, मांडवात आपली कॅसेट लावायची. मला घाम फुटला. सासरचे धाराशिवचे, कचेरीत नोकरीला असलेले. पण आबांचं तोंड बघून मला नाही म्हणवेना.

लग्नादिवशी सकाळी येणारा टँकर दुपार झाली तरी आला नव्हता. आचारी कावला होता. फुलं वाटून झाली होती, बुद्धवंदना घ्यायची बाकी होती, आणि लिंबावरच्या कर्ण्यातून आबा फॅटसाठी कळवळत होते. वऱ्हाडातली पोरं फिदीफिदी हसत होती. मी मान वर केली नाही.

तेवढ्यात कर्णा ओरडला, “टँकर आलाऽऽ!”

मांडवातल्या गावच्या बायका उठल्या आणि घागरी घेऊन पळाल्या. आचारी झारा टाकून पळाला. माझ्या शेजारी उभी असलेली माय स्वतःच्याच हाकेला भुलून पळाली. आणि मी, हातात हार घेतलेली नवरी, ताडकन उठून उभी राहिले. नवरदेव माझ्याकडं बघतच राहिला.

रिकाम्या घागरी घेऊन बायका तणतणत परत आल्या. “कोन मेली वरडली गं?”

“मीच की,” माय म्हणाली.

आबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी खटकन टेप बंद केली. मला त्यांची इतकी दया आली की सासरच्यांची भीती कुठल्या कुठं गेली. मी काही बोलणार, तोच सासूबाई बोलल्या.  माहेर त्यांचं आमच्याच दुष्काळी भागातलं, ईट गावचं.

“बंद का केलं, इवाई?” त्या म्हणाल्या. “पानी घावलं का न्हाय, त्ये तरी कळू द्या.”

आबांनी टेप पुन्हा लावली. टँकर सोसायटीच्या दारातच थांबायचा, त्यामुळं सगळं ऐकू आलं. भांड्यांची आदळआपट, रांगेतल्या शिव्या, मग घागरीत पडणारी धार. बराच वेळ नुसती धारच. कुणी हसलं नाही.

“घावलं,” सासूबाई म्हणाल्या.

मग कॅसेटीतले आबा धापा टाकत परत आले आणि टाकलेलं कडवं त्यांनी जिथल्या तिथं उचललं. बायका रिकाम्या घागरी काखेत धरून उन्हात ऐकत उभ्या होत्या. आबांना रडू फुटलं, आणि खरं सांगते, मलाही.